‘क्विकर’ की ‘मोर क्विकली’? क्रियाविशेषणांच्या तुलनेचा घोळ

अर्धविराम:
आमच्याकडचे इंग्रजी अहवाल बाहेर जाण्याआधी माझ्या नजरेखालून जातात. माझं इंग्रजी फार भारी आहे असं नाही, बाकीच्यांनी अंग काढून घेतलं म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं. परवा एका नवीन मुलाने लिहिलं होतं, ‘द पेजेस नाउ लोड मोर फास्टर’. मी ऐटीत ‘मोर’ खोडलं आणि त्याला चार शब्द सुनावले. पुढच्याच परिच्छेदात माझं स्वतःचं वाक्य होतं, ‘सर्च वर्क्स क्विकर दॅन बिफोर’. कागद वरून परत आला तेव्हा ‘क्विकर’वर काट मारून ‘मोर क्विकली’ केलेलं. त्या मुलाच्या चेहऱ्यावरचं समाधान बघण्यासारखं होतं.

आता प्रश्न असा की ‘फास्टर’ चालतं तर ‘क्विकर’ने काय घोडं मारलंय? शाळेत डिग्र्या घोटून घेतल्या त्या सगळ्या टॉल-टॉलर-टॉलेस्टच्या, म्हणजे विशेषणांच्या. क्रियाविशेषणांची तुलना कोणी शिकवल्याचं आठवत नाही. जाणकारांनी उजेड पाडावा.

काटेकोर:
तुमच्या वरिष्ठांनी योग्य तेच केलं. ‘क्विक’ हे विशेषण, ‘क्विकली’ हे क्रियाविशेषण. ‘वर्क्स’ या क्रियापदाबद्दल सांगायचं तर क्रियाविशेषणच हवं, आणि त्याचं तुलनेचं रूप ‘मोर क्विकली’. ‘क्विकर’ हे ‘क्विक’चं रूप आहे, म्हणजे ते विशेषणच राहणार. यात चर्चेला जागा नाही.

उगाच:
चर्चेला जागा नाही म्हटलं की धागा शंभरी गाठतो. मी खुर्ची ओढून बसलोय.

खडूचीधूळ:
बरीच वर्षं इंग्रजी शिकवते आहे, म्हणून जरा लांबण लावते.

पहिल्यांदा एक गोष्ट बघा. मूळ क्रियाविशेषण विशेषणाला ‘ली’ जोडून झालंय, की विशेषण जसंच्या तसं क्रियापदाशी येऊन बसलंय? ‘केअरफुली’, ‘स्मूदली’, ‘पोलाइटली’ ही जोडलेली. यांना ‘मोर’ आणि ‘मोस्ट’ लागतं. ‘केअरफुलियर’ असं काही होत नाही. ‘फास्ट’, ‘हार्ड’, ‘लेट’, ‘लाँग’, ‘हाय’, ‘लो’, ‘निअर’ यांचं रूप मात्र विशेषणातही तेच आणि क्रियाविशेषणातही तेच. त्यांना ‘अर’ आणि ‘एस्ट’. ‘शी वर्क्स हार्डर’, ‘ही स्टेड लाँगर’. ‘सून’ कधी विशेषण म्हणून येत नाही, पण आखूड असल्यामुळे त्याचंही ‘सूनर’च होतं. ‘अर्ली’ ‘ली’ने संपतं, तरी ते विशेषण म्हणूनही चालतं, म्हणून ‘अर्लियर’. तिथे ‘मोर अर्ली’ करू नका.

मग वाकडी चालणारी पाच-सहा: वेल-बेटर-बेस्ट, बॅडली-वर्स-वर्स्ट, मच-मोर-मोस्ट, लिटल-लेस-लीस्ट, आणि फार. ‘फार’ची दोन रूपं, ‘फार्दर’ आणि ‘फर्दर’. अंतरासाठी पहिलं आणि मुद्दा पुढे नेण्यासाठी दुसरं, असं बरेच जण सांगतात. पण ब्रिटिश इंग्रजीत दोन्हीकडे ‘फर्दर’ सर्रास चालतं. त्यावरून कुणाचे गुण कापू नयेत असं माझं मत.

आणि काही शब्दांची तुलनाच होत नाही. ‘डेली’, ‘ऑलरेडी’, ‘नाउ’, ‘नेव्हर’. एखादी गोष्ट कालच्यापेक्षा अधिक ‘आता’ होत नसते.

आता ‘क्विकर’. अर्धविराम, तुम्ही चुकलेला नाही आणि तुमचे साहेबही चुकलेले नाहीत. ‘क्विकर’, ‘स्लोअर’, ‘लाउडर’, ‘चीपर’ ही रूपं क्रियाविशेषण म्हणून बोलण्यात रुळलेली आहेत आणि शब्दकोशांनीही ती मान्य केली आहेत. ‘स्पीक लाउडर’ हे तर ‘स्पीक मोर लाउडली’पेक्षा सहज वाटतं. औपचारिक लेखनात ‘मोर क्विकली’ला झुकतं माप मिळतं, एवढाच फरक. अहवाल औपचारिक होता म्हणून काट मारली असेल.

काटेकोर:
ताई, रुळलं म्हणजे बरोबर असं नसतं. उद्या ‘ही सिंग्ज गुड’सुद्धा रुळेल. ॲपलने 1997 मध्ये ‘थिंक डिफरंट’ची जाहिरात केली तेव्हापासून ‘ली’ गाळायची फॅशनच आली आहे. ‘थिंक डिफरंटली’ लिहायला काय हरकत होती?

तळटीप:
‘ली’ गाळलेला नाही हो, तिथे तो नव्हताच. जुन्या इंग्रजीत विशेषणाचं क्रियाविशेषण करायला शेवटी नुसता ‘ए’ लावत. विशेषण ‘फॅस्ट’ तर क्रियाविशेषण ‘फॅस्टे’, ‘हेआर्ड’चं ‘हेआर्डे’. पुढे मधल्या काळातल्या इंग्रजीत शेवटचे असे दुबळे स्वर उच्चारातून गळून पडले आणि दोन्ही रूपं एकसारखी दिसायला लागली. म्हणजे ‘फास्ट’ हे आळसाने वापरलेलं विशेषण नाही, शेपूट झिजलेलं अस्सल क्रियाविशेषण आहे. ‘ली’चं मूळ ‘लिक’ या प्रत्ययात, आणि त्याचं नातं ‘शरीर, आकार’ अशा अर्थाच्या शब्दाशी. ‘सारखा’ या अर्थाचा ‘लाइक’ त्याच घराण्यातला. ‘फ्रेंडली’ म्हणजे मित्रासारखा. म्हणूनच तो ‘ली’ असूनही विशेषण आहे.

अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांना लॅटिनची शिस्त फार प्रिय होती. क्रियाविशेषण वेगळं दिसलंच पाहिजे हा आग्रह त्यांनी लावून धरला. तो शाळांमधून आपल्यापर्यंत आला आणि आपण तो त्यांच्यापेक्षा घट्ट धरून बसलो.

‘थिंक डिफरंट’बद्दल मात्र मीही साशंक आहे. मला ते ‘थिंक बिग’च्या जातीचं वाटतं, कसा विचार करा यापेक्षा कशाचा विचार करा याकडे झुकणारं. पण ते जाऊ द्या.

खडूचीधूळ:
काटेकोर, तुमच्याशी थोडं भांडते. ‘हळू’ हा शब्द घ्या. ‘हळू आवाज’ म्हटलं तर विशेषण. ‘हळू चाल’ म्हटलं तर क्रियाविशेषण. इथे ‘हळूपणे चाल’ असा आग्रह कुणी धरला तर आपण हसू ना? मग ‘ड्राइव्ह स्लो’वर एवढा राग का?

काटेकोर:
मुद्दा पोहोचला. ‘स्लो’ सोडला. ‘सिंग्ज गुड’ सोडणार नाही.

खडूचीधूळ:
ते सोडूच नका, तिथे मी तुमच्या बाजूने आहे.

पण आपली माणसं नेमकी तिथेच का घसरतात ते बघितलं पाहिजे. आपण म्हणतो ‘तो चांगला गातो’, ‘ती चांगली गाते’, ‘ते चांगले गातात’. ‘चांगला’ खरं तर गाण्याच्या क्रियेबद्दल सांगतोय, पण लिंग-वचन मात्र गाणाऱ्याचं घेऊन फिरतोय. काम क्रियाविशेषणाचं, वेष विशेषणाचा. शाळेत ‘क्रियाविशेषण अव्यय’ म्हणून पाठ करून घेतात, अव्यय म्हणजे न बदलणारा, आणि इथे तो डोळ्यांदेखत बदलतो! असं मराठी डोक्यात असलेला मुलगा ‘ही सिंग्ज गुड’ म्हणतो तेव्हा तो अडाणी नसतो. त्याच्या भाषेत तो शब्द दोन्ही कामं करतो.

दुसरं, आपण तुलना शब्दाच्या आत करतच नाही. ‘पेक्षा’ येतं, हवं असेल तर ‘जास्त’ येतं, आणि मूळ शब्द तसाच. ‘ती माझ्यापेक्षा जास्त चांगलं लिहिते.’ आता हे वाक्य इंग्रजीत नेताना ‘जास्त’चं झालं ‘मोर’. ‘चांगलं’ला शाळेत शिकवलेलं ‘बेटर’ आठवलं. झालं ‘मोर बेटर’. तुमच्या नवीन मुलाचं ‘मोर फास्टर’ हे असंच जन्माला आलं. ‘व्हेरी फास्टर’चंही तेच. ‘खूपच जोरात’मधला ‘खूप’ सरळ उचलून ठेवला. इंग्रजीत ‘व्हेरी’ मूळ रूपाला चालतं, ‘व्हेरी फास्ट’. तुलनेच्या रूपाला चालत नाही. तिथे ‘मच फास्टर’, ‘फार फास्टर’, ‘अ बिट फास्टर’, ‘ईव्हन फास्टर’. मी मुलांना सांगते, ‘व्हेरी’ आणि ‘अर’ एका ताटात जेवत नाहीत.

हे दोन मुद्दे कळले की मुलं कुठे चुकणार हे वही उघडण्याआधी सांगता येतं.

अर्धविराम:
खडूताई, दंडवत. ‘तो चांगला गातो’मध्ये ‘चांगला’ बदलतो हे आयुष्यभर बोलतोय आणि आज पहिल्यांदा दिसलं. त्या मुलाला सुनावले तेवढे चार शब्द परत घ्यावे लागणार.

उगाच:
परत घेताना ‘मोर सॉरियर’ म्हणा. हलकंच घ्या.

वाचनमात्र:
अनेक दिवस फक्त वाचते, आज लिहिते. मला ‘बेटर’मध्ये एक गंमत दिसली. ‘गुड’चंही बेटर आणि ‘वेल’चंही बेटर. म्हणजे ‘ही सिंग्ज गुड’ म्हणणारा माणूस ‘ही सिंग्ज बेटर दॅन मी’ म्हणाला की एकदम शुद्ध होतो. तुलना करत राहिलात तर चूक कधी पकडलीच जाणार नाही!

आणि एक शंका. ‘शी लुक्स ब्यूटिफुल’ म्हणतात, ‘ब्यूटिफुली’ का नाही? ‘लुक्स’ क्रियापदच आहे ना?

खडूचीधूळ:
निरीक्षण आवडलं, वर्गात चोरून वापरणार.

‘लुक’चं उत्तर मराठीच देते. आपल्याकडे ‘दिसणे’ आणि ‘पाहणे’ अशी दोन क्रियापदं आहेत, इंग्रजीत दोन्हींना ‘लुक’. ‘ती रागावलेली दिसली’ हे ‘शी लुक्ड अँग्री’. इथे राग तिच्यात आहे, म्हणून विशेषण. ‘तिने रागाने पाहिलं’ हे ‘शी लुक्ड ॲट हिम अँग्रिली’. इथे राग पाहण्यात आहे, म्हणून क्रियाविशेषण. ‘फील’, ‘स्मेल’, ‘साउंड’, ‘टेस्ट’ यांनाही हीच कसोटी. वाईट वाटलं तर ‘आय फील बॅड’. ‘फील बॅडली’ म्हणणारे जरा जास्तच शुद्ध व्हायला जातात आणि पडतात.

तुलनेतही हेच धरून चाला. ‘इट साउंड्स मोर नॅचरल’ बरोबर, ‘मोर नॅचरली’ नाही. पण ‘शी स्पीक्स मोर नॅचरली नाउ’ बरोबर.

शंकेखोर:
‘हार्ड’ आणि ‘हार्डली’वर कुणी बोललं नाही अजून?

खडूचीधूळ:
तो विनोद इतका घासला गेलाय की टाळत होते. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे कष्ट करतो, ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे काम जवळजवळ करतच नाही. तसेच ‘लेट’ आणि ‘लेटली’, ‘निअर’ आणि ‘निअरली’, ‘शॉर्ट’ आणि ‘शॉर्टली’. यातल्या ‘ली’वाल्यांनी अर्थ बदलून वेगळं बिऱ्हाड केलंय. तुलनेसाठी ते येत नाहीत. ‘मोर हार्डली’ असं काही नाही. ‘हायली’चं मात्र चालतं, ‘मोर हायली पेड’.

निशाचर_२:
परीक्षेच्या तयारीत एक जोडी कायम उलटी व्हायची. ‘नो सूनर’नंतर ‘दॅन’ आणि ‘हार्डली’नंतर ‘व्हेन’. पाठ करायचो आणि पेपरात अदलाबदल करून यायचो. या धाग्यामुळे ट्यूब पेटली. ‘सूनर’ हे तुलनेचं रूप आहे, म्हणून त्याला ‘दॅन’ लागतंच! ‘नो सूनर हॅड शी लेफ्ट दॅन इट रेन्ड’, म्हणजे ती निघाली ते पाऊस येण्यापेक्षा जराही आधी नाही. ‘हार्डली’त तुलना नाही, मग ‘दॅन’ कुठून येणार? इतकी वर्षं मला हे पाठांतर वाटत होतं. बरोबर आहे ना?

खडूचीधूळ:
शंभर टक्के. मीसुद्धा असंच समजावते, फक्त ट्यूब पेटायला मुलांना तुमच्याइतकाच वेळ लागतो.

तळटीप:
‘दॅन’चा विषय निघालाच आहे तर ‘रादर’ बघा. ‘रादर दॅन’मध्ये ‘दॅन’ का? कारण ‘रादर’ हे मुळात तुलनेचंच रूप. ‘रेद’ असा एक शब्द होता, अर्थ लवकर, झटकन. त्याचं ‘रादर’, म्हणजे अधिक लवकर. ‘मी हे करण्यापेक्षा ते आधी करीन’ वरून ‘त्यापेक्षा ते पसंत करीन’. मूळ शब्द वापरातून गेला, त्याची तुलना मागे राहिली.

याहून गंमत ‘निअर’ची. जवळ या अर्थाचा जुना शब्द ‘नाय’. त्याचं तुलनेचं रूप ‘निअर’ आणि टोकाचं ‘नेक्स्ट’. पुढे ‘निअर’ मूळ शब्दच वाटायला लागला आणि लोकांनी त्यावर आणखी एक ‘अर’ चढवून ‘निअरर’ केलं. म्हणजे इतिहासाच्या हिशेबाने ‘निअरर’ आणि ‘मोर फास्टर’ ही एकाच जातीची चूक. एक रुळली, दुसरी नाही. ‘लेसर’चंही तेच, ‘लेस’ आधीच तुलनेचं.

शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’मध्ये अँटनी ‘मोस्ट अनकाइंडेस्ट कट’ म्हणतो, तेही दुहेरीच. त्या काळी ती चूक नव्हती, जोर देण्याची रीत होती.

काटेकोर:
म्हणजे ‘मोर फास्टर’ म्हणणारा मुलगा चारशे वर्षं उशिरा जन्मला एवढंच त्याचं चुकलं?

तळटीप:
थोडक्यात तसंच.

अवांतर: दुहेरी तुलनेवर आपणही हसू नये. संस्कृतात तुलनेच्या प्रत्ययांच्या दोन जोड्या. ‘तर’-‘तम’ ही एक आणि ‘ईयस्’-‘इष्ठ’ ही दुसरी. ‘श्रेष्ठ’ म्हणजेच सगळ्यांत चांगला. तरी आपण ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणतो, कुणी उत्साही ‘श्रेष्ठतम’ही लिहितो. हा ‘इष्ठ’ आणि इंग्रजी ‘एस्ट’ एकाच मुळातून आलेले आहेत. ‘स्वादिष्ठ’ आणि ‘स्वीटेस्ट’ तर धातूपासून प्रत्ययापर्यंत सख्खे भाऊ. आपण मात्र ‘स्वादिष्ट’ लिहितो, त्यातला सगळ्यांत गोड हा अर्थ विसरतो आणि पुढे ‘अतिशय’ लावतो.

आणि गणितातला ‘लघुत्तम’. ‘महत्’ला ‘तम’ लागून ‘महत्तम’ झाला, तिथे दोन ‘त’ आले ते ‘महत्’मधल्या ‘त्’मुळे. ‘लघु’त ‘त्’ कुठे आहे? तो ‘लघुतम’च. शेजाऱ्याचा ‘त’ उसना घेऊन आपण लसावि सोडवत बसलो.

वाचनमात्र:
लसाविबद्दल वाचून धक्का बसला. पण हे सगळं विशेषणांचं झालं. संस्कृतात क्रियाविशेषणाची तुलना होते का?

तळटीप:
होते, आणि छान होते. तिथे ‘तराम्’ लागतो. ‘उच्चैः’ म्हणजे मोठ्याने, ‘उच्चैस्तराम्’ म्हणजे अधिक मोठ्याने. एवढंच नाही, क्रियापदालाही तो लावता येतो. ‘पचति’ म्हणजे शिजवतो, ‘पचतितराम्’ म्हणजे अधिक चांगलं शिजवतो. इंग्रजीला इथे ‘कुक्स बेटर’ असा वेगळा शब्द जोडावा लागतो.

यातला एक नमुना मराठीत शिल्लक आहे. ‘हे सुतराम शक्य नाही.’ ‘सु’ला ‘तराम्’. क्रियाविशेषणाचं तुलनेचं रूप आपण भांडताना वापरतो.

काटेकोर:
मीच वर ‘चर्चेला जागा नाही’च्या ऐवजी ‘सुतराम जागा नाही’ लिहायला हवं होतं. निदान व्याकरण तरी साधलं असतं.

शंकेखोर:
‘द सूनर द बेटर’मध्ये ‘द’ कशाला येतो? ‘द’ तर नामाआधी येतो ना.

तळटीप:
तो उपपदाचा ‘द’ नाहीच. जुन्या इंग्रजीत दर्शक सर्वनामाचं तृतीयेसारखं एक रूप होतं, ‘त्याने, तितक्याने’ अशा अर्थाचं. ते झिजून ‘द’सारखं झालं. ‘जितकं लवकर तितकं बरं’ मधलं ‘जितकं’ आणि ‘तितकं’, दोन्ही तोच.

खडूचीधूळ:
याच्याशी गल्लत करू नका म्हणून सांगते. ‘शी वर्क्स द हार्डेस्ट’मधला ‘द’ वेगळा. क्रियाविशेषणाच्या टोकाच्या रूपाआधी तो ऐच्छिक आहे. ‘शी वर्क्स हार्डेस्ट’ही बरोबर. विशेषणाला मात्र नामासकट असेल तेव्हा ‘द’ बहुधा लागतोच, ‘द हार्डेस्ट वर्कर’.

आणि ‘ही रन्स फास्टर दॅन एनीवन इन द टीम’ असं लिहू नका. तोही संघातच आहे, स्वतःपेक्षा जोरात कसा पळेल? ‘एनीवन एल्स’ हवं. मराठीत ‘सगळ्यांपेक्षा’ म्हटलं की त्याला वगळूनच आपण ऐकतो, म्हणून ‘एल्स’ सुचत नाही. डिग्री बदलायच्या प्रश्नात इथे हमखास गुण जातात.

निशाचर_२:
‘फास्टर दॅन मी’ की ‘दॅन आय’?

खडूचीधूळ:
बोलताना ‘दॅन मी’. औपचारिक लिहिताना ‘दॅन आय डू’, म्हणजे वाद मिटतो. नुसतं ‘दॅन आय’ ताठ वाटतं. पण ‘शी हेल्प्स हिम मोर दॅन मी’ असं वाक्य आलं तर थांबा. मला करते त्यापेक्षा की मी करतो त्यापेक्षा? मराठीत ‘माझ्यापेक्षा’चीही हीच अडचण आहे. तिथे क्रियापद पूर्ण लिहा.

अर्धविराम:
उशिरा आलो, कळवायचं राहिलं होतं. अहवालात ‘मोर क्विकली’च ठेवलं. पण त्याच कागदावर साहेबांनी दुसरीकडे ‘व्हेरी मच मोर बेटर’ लिहिलं होतं. ते मी मुकाट्याने ‘मच बेटर’ केलं आणि कुणाला सांगितलं नाही. नवीन मुलाला धाग्यातला ‘निअरर’चा भाग दाखवला. तो म्हणाला, म्हणजे मी पुढच्या पिढीचं इंग्रजी लिहीत होतो.

उगाच:
मुलगा पुढे जाईल. फार्दर आणि फर्दर, दोन्ही.

शंकेखोर:
शेवटची शंका. ‘ऑफनर’ चालतं का?

खडूचीधूळ:
शब्दकोशात मिळतं, पण ऐकणारा क्षणभर थबकतो. ‘मोर ऑफन’ म्हणा.